एका शब्दाला दोनदा कात्री

*ताई, मी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत सगळं मराठी माध्यमातून झालं. साधं इंग्रजी वाचता येतं, पण मेडिकलचे लांबलचक शब्द आले की जीभ अडखळते. मागच्या आठवड्यात राउंडच्या वेळी सिस्टरांनी मला केस पेपरवरचं निदान वाचायला सांगितलं. 'गॅस्ट्रो' एवढं म्हटलं आणि पुढे शब्दच फुटेना. मागे उभ्या असलेल्या मुली हसल्या. ओरलला तर हायपोग्लायसेमिया आणि हायपरग्लायसेमिया यांची अदलाबदल झाली. मी प्रत्येक शब्दावर पेन्सिलीनं मराठीत उच्चार लिहून पाठ करते, पण दोन दिवसांत विसरते. मैत्रीण म्हणते, शब्द तोडून वाच. पण तोडायचा कुठे? डिक्शनरीत एका ठिकाणी तोडलेला असतो, मॅडम फळ्यावर दुसऱ्याच ठिकाणी तोडतात. नक्की नियम काय?*

*– ल., परभणी जिल्हा*

प्रिय ल.,

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तू शेवटी लिहिली आहेस. डिक्शनरी एकीकडे तोडते, मॅडम दुसरीकडे, हे तुझ्या नजरेला आलं. पुष्कळ मुलींच्या ते लक्षातही येत नाही, नुसता गोंधळ उडतो. मी बरीच वर्षं नर्सिंगच्या मुलींना इंग्रजी शिकवलं, म्हणून खात्रीनं सांगते: तुझी डिक्शनरीही बरोबर आहे आणि तुझ्या मॅडमही. लांब शब्द दोन कारणांसाठी तोडतात. एकदा तोंडासाठी, म्हणजे उच्चार नीट व्हावा म्हणून. आणि एकदा डोक्यासाठी, म्हणजे अर्थ कळावा म्हणून. हे दोन काप बऱ्याचदा एका जागी पडत नाहीत. म्हणून एकाच शब्दाला दोनदा कात्री लावायची आणि कुठली कात्री कशासाठी चालवली हे विसरायचं नाही.

हे तुला नवीन आहे असं समजू नकोस. 'हिमालय' हा शब्द टाळ्या वाजवत म्हणून बघ. हि, मा, लय. तीन टाळ्या. आता शाळेत शिकलीस तशी त्याची संधी सोडव: हिम अधिक आलय. बर्फाचं घर. आता त्या 'मा'कडे बघ. तोंडानं कापलंस तेव्हा तो अख्खा राहिला. अर्थानं कापलंस तेव्हा मधोमध चिरला गेला, 'म' हिमकडे गेला आणि 'आ' आलयकडे. तेव्हा तुला कुणी विचारलं नाही की यातलं खरं कुठलं. दोन्ही खरी होती. इंग्रजी शब्दांतही हेच चालतं, फरक एवढाच की तिथे कुणी तुला 'संधी सोडवा' असं म्हणत नाही.

आता तुला वॉर्डात अडवलेला तोच शब्द घेऊ. वहीच्या कागदाच्या दोन लांब पट्ट्या काप. दोन्हींवर स्केचपेननं मोठ्या अक्षरांत गॅस्ट्रोएन्टेरायटिसचं स्पेलिंग लिही: जी-ए-एस-टी-आर-ओ-ई-एन-टी-ई-आर-आय-टी-आय-एस. पंधरा अक्षरं. खरोखर लिही, खरोखर काप; मनातल्या मनात कापलेलं टिकत नाही.

पहिली पट्टी तोंडाची. हनुवटीखाली तळवा धर आणि शब्द सावकाश म्हण. हनुवटी जितक्या वेळा तळव्याला टेकेल, साधारण तितके सिलेबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे. प्रत्येक सिलेबलमध्ये एक स्वर ऐकू यायलाच हवा. स्पेलिंगमध्ये स्वराची अक्षरं किती आहेत ते मोजू नकोस, कानाला किती स्वर लागतात ते मोज. गॅस, ट्रो, एन, ट, राय, टिस. सहा तुकडे. तुझी जीभ 'गॅस्ट्रो'नंतर अडली, म्हणजे 'ओ' संपून लगेच 'ए' सुरू होतो तिथे. दोन स्वर शेजारी आले की मराठी जिभेला मध्ये 'य' किंवा 'व' घालावासा वाटतो, आणि तो घालायचा की नाही या विचारात आपण थांबतो. तिथे नुसता श्वासाएवढा विसावा घे आणि 'एन'पासून नव्या शब्दासारखी सुरुवात कर. जोर 'राय'वर दे. '-आयटिस'नं संपणाऱ्या सगळ्या शब्दांत जोर त्या 'आय'वरच पडतो, हे एकदा कळलं की टॉन्सिलायटिस, हिपॅटायटिस, आर्थ्रायटिस सगळे एका चालीत येतात.

दुसरी पट्टी अर्थाची. हिचे चारच तुकडे होतात. जी-ए-एस-टी-आर, म्हणजे जठर. मग एकटा ओ. मग ई-एन-टी-ई-आर, म्हणजे आतडं. आणि शेवटी आय-टी-आय-एस, म्हणजे दाह. जठराचा आणि आतड्याचा दाह. वाक्य झालं की नाही? केस पेपरवरच्या त्या एका शब्दात पेशंटचं अर्धं दुखणं लिहिलेलं होतं.

आता दोन्ही पट्ट्या एकाखाली एक ठेव. काप फक्त एका जागी जुळतो, त्या 'ओ'च्या नंतर. बाकी सगळीकडे चुकतो. 'एन्टर'मधला आर तोंडानं पुढे ढकलून 'राय' केला, अर्थानं तो आतड्याकडेच ठेवला. आता डिक्शनरी उघड. पुष्कळ डिक्शनऱ्यांत त्या शब्दामध्ये जे ठिपके देतात, ते आरच्या नंतर आहेत, आधी नाहीत. कारण ते ठिपके मुळात उच्चारासाठी नसतातच. ओळ संपली आणि शब्द मावला नाही तर कुठे आडवी रेघ मारून तोडावा, हे छापणाऱ्याला सांगण्यासाठी ते असतात, आणि त्यात थोडं तोंडाचं ऐकलेलं असतं, थोडं अर्थाचं. ब्रिटिश आणि अमेरिकन डिक्शनऱ्यांचंही त्यावर एकमत नसतं. उच्चार हवा असेल तर त्याच नोंदीत पुढे वेगळा दिलेला असतो, तो बघ.

त्या एकट्या 'ओ'बद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मेडिकलच्या शब्दांत सगळ्यात जास्त फसवणूक तोच करतो. तो कुणाचाच नाही. दोन भाग जोडताना मध्ये लावलेली ती डिंकाची बोटभर रेघ आहे. पुढचा शेवटचा तुकडा स्वरानं सुरू होत असेल तर डिंक लागत नाही: गॅस्ट्र अधिक आयटिस, गॅस्ट्रायटिस. व्यंजनानं सुरू होत असेल तर लागतो: गॅस्ट्र, ओ, स्कोपी, गॅस्ट्रोस्कोपी, आत दुर्बीण घालून बघणं. यकृताचं हिपॅट घे: हिपॅटायटिसमध्ये ओ नाही, हिपॅटोमेगली, म्हणजे यकृताला आलेली वाढ, तिथे आहे. आणि दोन अवयव जोडायचे असतील तर पुढे स्वर असला तरी ओ राहतो. म्हणूनच तुझ्या शब्दात तो 'ए'च्या आधी ठाण मांडून बसला होता आणि तुझी जीभ ठेचकाळली.

आता मला फार आवडणारी गोष्ट सांगते. मेडिकलचे बहुतेक तुकडे ग्रीक आहेत, काही लॅटिन. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एका जुन्या घराण्यातल्या भाषा आहेत. 1786 साली कलकत्त्यात विल्यम जोन्सनी हे जाहीर भाषणात मांडलं आणि तेव्हापासून त्याचा अभ्यास होत आला. म्हणजे यातले काही तुकडे तुझ्या घरचेच आहेत. आपण नकारासाठी 'अ' लावतो, आणि पुढे स्वर असेल तर 'अन्'. अशक्त, पण अनर्थ. ग्रीकमध्ये नियम तोच. ॲप्नियामध्ये नुसता अ, म्हणजे श्वास नसणं. ॲनिमियामध्ये अन्, कारण पुढे रक्ताचा 'ईमिया' स्वरानं सुरू होतो. दुर्दशेतला 'दुर्' म्हणजे डिस्प्नियातला 'डिस', श्वासाची दुर्दशा. ऑस्टिओ म्हणजे अस्थी. ओडॉन्ट म्हणजे दंत. निदानाला डायग्नोसिस म्हणतात, त्यातला 'ग्नो' आपल्या 'ज्ञा'चा सख्खा आहे. मराठी माध्यमातून आल्याबद्दल तुझ्या पत्रात जो खालचा सूर आहे, तो मला पटत नाही. संधी, समास, उपसर्ग, प्रत्यय हे सगळं तू मार्कांसाठी का होईना शिकून आली आहेस, आणि या कामाला नेमकं तेच लागतं.

आता हायपो आणि हायपर. इथे मी जरा घट्ट बोलणार आहे, कारण ही चूक ओरलपुरती राहत नाही.

हायपर हा आपल्या 'उपरि'चा भाऊ, 'उपरोक्त'मधला. वर. हायपो हा 'उप'चा भाऊ. सरपंचाच्या खाली उपसरपंच, तसा. खाली, कमी. उपसरपंच डोळ्यांसमोर आण, पुन्हा चूक होणार नाही. ग्लायस म्हणजे गोड, ईमिया म्हणजे रक्तात. उप-गोड-रक्त: साखर कमी. उपरि-गोड-रक्त: साखर जास्त. आता दोन्ही शब्द तोंडानं काप: हाय-पो-ग्लाय-सी-मि-या, हाय-पर-ग्लाय-सी-मि-या. सहाच्या सहा सिलेबलमध्ये फरक एकाचा, दुसऱ्याचा. आणि मुख्य जोर कुठे पडतो? चौथ्यावर, 'सी'वर. म्हणजे ज्या सिलेबलवर पेशंटची काळजी घेण्याची दिशा ठरते, तोच शब्दातला हलका सिलेबल आहे. वॉर्डातल्या गडबडीत, मास्कमधून, फोनवर तो सहज गळून पडतो. साखर 70 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली, पेशंटला दरदरून घाम सुटलाय, हात थरथरताहेत, त्याला साखर द्यायची असते. दुसऱ्याची साखर चढलेली असते. इथे अदलाबदल चालत नाही. म्हणून एक सवय आजपासून लाव: हे शब्द बोलताना दुसरा सिलेबल मुद्दाम ठासून म्हण आणि सोबत आकडा सांग. सिस्टरांनी तोंडी सांगितलं असेल तर जे ऐकलं ते त्यांना परत म्हणून दाखव. 'हायपो, सिस्टर, साखर कमी, बासष्ट.' यात कमीपणा काही नाही, उलट जबाबदार नर्सची ती खूण आहे.

तू पेन्सिलीनं वर मराठीत उच्चार लिहितेस. ते पूर्ण बंद कर असं मी म्हणणार नाही, पण त्यानं तू का विसरतेस ते सांगते. देवनागरी उच्चार फार चोख पकडते, पण त्या नादात शब्दाची हाडं झाकून टाकते. 'न्यूमोनिया' लिहिलंस की सुरुवातीचा पी गेला. मग परीक्षेत स्पेलिंग एन-पासून सुरू होतं. माझ्या एका विद्यार्थिनीची सगळी पुस्तकं अशी मराठीनं भरलेली होती. ती वाचायची घडाघडा, आणि लिहायला बसली की रडकुंडीला यायची. तो पी तिथे का आहे आणि गप्प का आहे, हे कळलं की तो विसरला जात नाही. 'प्न'नं शब्द सुरू करायला इंग्रजी जीभ तयार नाही, म्हणून पी मुका. पण त्याच्या आधी एखादा स्वर आला की पी त्या स्वराला टेकतो आणि बोलायला लागतो: ॲप्निया. आपलंही तेच आहे. 'प्न'नं सुरू होणारा शब्द आपल्याकडे सापडायचा नाही, पण 'स्वप्न' आपण सहज म्हणतो, कारण तिथे प् मागच्या 'स्व'ला टेकतो. वृत्तात लघु-गुरू मोजताना तो 'स्व' गुरू का धरतात, त्याचं कारण हेच. न्यूमोनियातला मुका पी आणि ॲप्नियातला बोलका पी एकाच घरातले आहेत. एक फुप्फुसाचा, एक श्वासाचा.

याच जातीचा एक शब्द तू लहानपणापासून बोलतेस आणि चुकीच्या जागी कापतेस, सगळं जगच कापतं. हेलिकॉप्टर. तोंडानं हे-लि-कॉप-टर. म्हणून आपल्याला वाटतं की 'हेलि' एक आणि 'कॉप्टर' दुसरा. खरे तुकडे 'हेलिको' आणि 'प्टर': पीळ, आणि पंख. 1861 साली फ्रान्समध्ये हा शब्द घडवला गेला, प्रत्यक्ष माणसाला घेऊन उडणारं हेलिकॉप्टर यायच्या कितीतरी आधी. पण लोकांनी तोंडाचाच काप खरा मानला आणि त्यातून 'हेलिपॅड' झालं, 'क्वाडकॉप्टर' झालं. गंमत अशी की मराठीत लिहिताना आपण 'प्ट' जोडून लिहितो, म्हणजे आपली लिपी नकळत अर्थाचा काप जपते.

आता दोन-तीन खड्डे, पाय घालू नकोस म्हणून. सारखा दिसणारा प्रत्येक तुकडा एकच नसतो. ऑर्थोपेडिकमधला 'पेड' पायाचा असं पुष्कळांना वाटतं, कारण हाडांच्या डॉक्टरकडे आपण पाय मोडला की जातो. तो पाय नव्हे, मूल आहे, पेडियाट्रिक्समधला. निकोलस आंद्री या फ्रेंच डॉक्टरनी 1741 मध्ये हा शब्द वापरात आणला तो वाकलेल्या हाडांची मुलं सरळ करण्याच्या विद्येसाठी. दुसरा खड्डा उच्चाराचा: इलियम दोन आहेत, तोंडानं अगदी एक. मध्ये ई असेल तर आतड्याचा भाग, आय असेल तर कमरेचं हाड. देवनागरीत लिहिलंस तर दोन्ही एकच दिसतील, म्हणूनही ती पेन्सिल जपून. तिसरा, एकाच जागेला ग्रीक आणि लॅटिन अशी दोन नावं असतात. नेफ्रायटिसमधला नेफ्र आणि रीनल फेल्युअरमधला रीन, दोन्ही मूत्रपिंडच. आणि आपल्याकडच्या पुस्तकांत ॲनिमियाचं स्पेलिंग कुठे ए-ई घालून असतं, कुठे नुसतं ई. पहिलं ब्रिटिश, दुसरं अमेरिकन. चूक कुठलंच नाही, पण उत्तरपत्रिकेत एकच धरून राहा.

शेपट्यांकडे मात्र बारीक लक्ष ठेव. 'टॉमी' म्हणजे कापणं. तुझ्या ॲनाटॉमीच्या पुस्तकाच्या नावातही तेच कापणं बसलंय, आणि ॲटममध्येही: अ-टम, जो कापता येत नाही तो. त्याच्या आधी ई-सी, म्हणजे 'एक्', लागला की कापून बाहेर काढणं: अपेंडेक्टमी, हिस्टरेक्टमी. आणि एस लागून 'स्टमी' झालं की तोंड करून ठेवणं, म्हणजे उघडी वाट: कोलॉस्टमी. ट्रॅकिऑटमी म्हणजे श्वासनलिकेला छेद, ट्रॅकिऑस्टमी म्हणजे तिथे ठेवलेली वाट. कानाला एका 'स्'चा फरक, पण तुझ्या ड्यूटीत त्या वाटेची रोजची स्वच्छता येते.

रोज पाच शब्दांपेक्षा जास्त घेऊ नकोस. एक दोनशेपानी वही कर. प्रत्येक शब्दाला तीन ओळी: पहिलीत नुसतं स्पेलिंग, दुसरीत तोंडाचे तुकडे आणि जोराच्या सिलेबलखाली रेघ, तिसरीत अर्थाचे तुकडे आणि त्यांचं मराठी. मराठी उच्चार लिहायचाच असेल तर दुसऱ्या ओळीच्या खाली, स्पेलिंगच्या डोक्यावर नाही. शब्द वॉर्डातून आण, पुस्तकाच्या मागच्या यादीतून नको. पेशंटचा चेहरा जोडलेला शब्द सहसा जात नाही. महिन्याभरात तुझ्या लक्षात येईल की शब्द शंभर झाले तरी तुकडे तीस-चाळीसच आहेत, तेच फिरून फिरून येतात.

हसलेल्या मुलींचं काय, असं तू विचारलं नाहीस, पण पत्रात ते आहे. पुढच्या वेळी अडलीस तर थांबून उघडपणे तुकड्यांनी वाच. 'गॅस्ट्र, जठर. एन्टर, आतडं. आयटिस, दाह.' घाईनं गिळून टाकलेल्या शब्दापेक्षा असं वाचलेलं कुठल्याही सिस्टरांना जास्त आवडेल. आणि हसणाऱ्यांतल्या एखादीला तरी तो शब्द म्हणता येतो पण त्यात आतडं कुठे आहे हे माहीत नसेल. तिला तुझी वही दाखव.

पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनला जे म्हणतात ते तुझ्या वॉर्डात या आठवड्यात कानावर येईलच: कोलेसिस्टेक्टमी. स्पेलिंग सी-एच-ओ-एल-ई-सी-वाय-एस-टी-ई-सी-टी-ओ-एम-वाय. 'कोले' म्हणजे पित्त, 'सिस्ट' म्हणजे पिशवी, शेपूट तुला आता माहीत आहे. तोंडाचे सहा तुकडे होतात, अर्थाचे तीन. दोन पट्ट्या काप, एकाखाली एक चिकटव आणि काप कुठे जुळतात ते मला लिहून पाठव.

तुझी ताई